पट्ट्या जोडल्या की दर वेळी केळं का होतं? तीनदा उसवल्यावर सापडलेली कारणं

प्रॉब्लेम तोच, दर वेळी तोच. गोधडीसाठी कापडाच्या अडीच इंच रुंद सहा पट्ट्या कापल्या, एकीला एक जोडत गेले, चौथ्या पट्टीपर्यंत सगळं छान दिसत होतं, सहावी लावली, इस्त्री मारली, जमिनीवर पसरलं तर मस्तपैकी केळं. मध्ये फुगवटा आणि दोन्ही टोकं एकाच अंगाला वळलेली. बहिणीच्या बाळासाठी गोधडी करत होते (क्विल्ट म्हणा हवं तर, आमच्या घरात कापडाचे तुकडे जोडून केलेलं काहीही असलं की ती गोधडीच) आणि डिलिव्हरीला तेव्हा चार महिने होते, म्हणून मी निवांत होते.

पहिल्यांदा मी काय केलं तर वाकलेल्या कडा कात्रीने सरळ करून टाकल्या. बाहेरून सरळ दिसलं, पण कडेची पट्टी एका टोकाला दोन इंच आणि मध्ये दीड, असं काहीतरी झालं. दुसऱ्यांदा मशीनवर संशय घेतला. मेकॅनिक घरी आला, तेल घातलं, दात्यांमधला कचरा काढला, साडेतीनशे घेतले आणि म्हणाला मशीन एकदम ओके आहे मॅडम. तिसऱ्यांदा दर दोन इंचाला टाचणी लावली, बोटं टोचून घेतली, आणि परत केळं. थोडं छोटं केळं, वेलची म्हणा.

आईचं म्हणणं की आजी कधी मोजमाप करायची नाही तरी तिची गोधडी कशी सपाट व्हायची. यावर मी बरेच दिवस विचार केला आणि मला वाटतं त्याचं उत्तर सोपं आहे. आजी खाली अख्खं जुनं लुगडं पसरायची, त्यावर तुकडे ठेवायची आणि सगळ्या थरांतून हाताने धावदोरा घालत जायची. तुकडा इकडेतिकडे झाला तरी खालचं लुगडं त्याला धरून ठेवतं. आपण करतो ते उलटं आहे, आधी नुसत्या पट्ट्या एकमेकींना मशीनवर जोडायच्या, त्यांना धरायला खाली काहीच नाही, त्यामुळे कापण्यात, शिवण्यात, इस्त्रीत जी काही चूक होईल ती सगळी त्या पट्ट्यांमध्येच साचत जाते. तेव्हा आजीशी तुलना करून मन खट्टू करू नका, तो खेळच वेगळा आहे.

आता मुद्द्याचं. वाक तीन ठिकाणी येऊ शकतो, कापताना, शिवताना आणि इस्त्री करताना, आणि तिन्ही ठिकाणचं केळं शेवटी दिसायला सारखंच दिसतं. मी तीनदा उसवलं त्याचं कारण हेच, की पूर्ण झाल्यावर बघत होते. त्यामुळे आधी आजार कुठे आहे ते शोधायचं, उपाय नंतर.

त्यासाठी माझी पद्धत फुकटातली आहे. ऐरोलीत आमच्या हॉलला दोन बाय दोनच्या लाद्या आहेत, त्यांचे सांधे एका ओळीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जातात. यापेक्षा मोठी स्केल घरात दुसरी कुठली असणार? कापून झालं की एक-एक सुटी पट्टी न ताणता सांध्याला लावून ठेवायची. मग दोन पट्ट्या जोडल्या की इस्त्रीच्या आधी परत सांध्यावर. मग इस्त्री करून परत सांध्यावर. ज्या टप्प्यावर पट्टी पहिल्यांदा सांधा सोडते तिथे आजार. एवढंच. पंखा तेवढा बंद करा नाहीतर पट्ट्या गोळा करत फिराल, आणि काम करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, आमच्या मावशींनी एकदा सगळं "नीट" घडी करून सोफ्यावर ठेवलं होतं.

सुटी पट्टीच वाकडी असेल तर

ही माझ्या पहिल्या वेळची चूक होती आणि मला ती कळलीच नव्हती. कापड दुमडून कापलं की पट्टी उलगडल्यावर बरोबर मध्ये, म्हणजे घडी होती तिथे, कोपर दुमडल्यासारखा बाक येतो. कारण काठाला काठ जुळवून घडी घातली तरी घडी आणि काठ एकमेकांना समांतर असतीलच असं नाही, आणि आपण कापतो ते घडीला काटकोनात नसतं. उपाय असा की कापड दोन्ही काठ हातात धरून समोर लोंबकळू द्यायचं, खाली घडीजवळ तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर एक काठ हळूहळू डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा, घडी सपाट लोंबली की थांबायचं. मग टेबलावर ठेवून चौरस रुलरची एक बाजू घडीवर आणि दुसऱ्या बाजूने कापायचं. दर तीन-चार पट्ट्यांनी परत काटकोन तपासा, कारण तो प्रत्येक कापाला जरासा बिघडत जातो, आणि पहिली पट्टी बरोबर होती म्हणून दहावी बरोबर असेल हा भ्रम आहे.

रोटरी कटर (गोल, फिरत्या पात्याची सुरी) असेल तर हे सोपं जातं. तो प्रकार जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणला, त्याआधी जगभर बायका कात्रीनेच कापत होत्या, त्यामुळे नाहीये म्हणून अडू नका. कात्रीवाल्यांनी सुती कापडातला एक आडवा धागा टोकाला पकडून हळू ओढायचा, कापडात एक बारीक रेघ उमटते, त्या रेघेवरून कापायचं. कंटाळवाणं आहे पण खडूच्या रेघेपेक्षा खात्रीचं. काही जणी पट्ट्या टर्रकन फाडतात, दुकानदार फाडून देतो तशा. फाडलेली पट्टी धाग्यात सरळ असते हे खरं, पण तिची कड लाटेसारखी होते आणि धागे सुटतात, मग शिवताना कड नेमकी कुठली धरायची ते कळत नाही. मी मोठा तुकडा सरळ करण्यापुरतं फाडते, पट्ट्या कापतेच.

अजून एक, पट्टी काठाला समांतर कापली, म्हणजे कापडाच्या लांबीत, तर ती कमी ताणते. पन्ह्यात आडवी कापली तर जरा जास्त. आणि तिरकी म्हणजे उरेब झाली तर रबरच. आपण बहुतेक वेळा पन्ह्यात कापतो कारण मीटरभर कापडात तसंच बसतं, त्याला हरकत नाही, फक्त एकाच सेटमध्ये (म्हणजे एकत्र जोडायच्या सहा पट्ट्यांत) काही उभ्या आणि काही आडव्या असं मिसळू नका. मी जांभळी नाक्यावरून कटपीस आणले होते आणि जशी लांबी मिळेल तशा कापल्या, काही अशा काही तशा. दोन वेगळ्या ताणाची कापडं शेजारी आली की कमी ताणणारी पट्टी आतल्या अंगाला राहते आणि दुसरी लांबते. कापड कुठून घ्यायचं यावर एक मैत्रीण म्हणते मंगलदास मार्केटशिवाय पर्याय नाही, तिचं बरोबर आहे पण ऐरोलीहून लोकल बदलत मशीद बंदरला उतरून तिथून पिशव्या घेऊन परत यायचं हे वर्षातून एकदाच.

आणि सगळं कापड आधी धुवून घ्या. सुती आटतं, मिक्स तेवढं आटत नाही, आणि मग पहिल्या धुण्यानंतर जे होतं ते कुठल्याच उपायाने सुधारत नाही. जुन्या साडीच्या पट्ट्या असतील, मऊ पडलेल्या, तर कापायच्या आधी हलकी खळ द्या, साबुदाण्याची चालते, कडक इस्त्री करा, कापड कागदासारखं वागायला लागतं. पावसाळ्यात मात्र खळ दिलेलं कापड कपाटात ठेवून देऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीचे ठिपके येतात, कसर लागते ती वेगळीच. त्या आठवड्यात शिवणार असाल तेवढ्यालाच खळ.

शिवल्यावर वाक आला तर

इथे सगळ्यात जास्त मजा आहे, आणि वाईट म्हणजे इथे दोन वेगळे आजार असतात, एक माया (शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड) कमीजास्त होण्याचा आणि दुसरा कापड असमान सरकण्याचा.

मायेचं आधी सांगते. या कामात शिवणीला माया पाव इंच ठेवतात, म्हणजे दोन सूत. आमच्या सोसायटीच्या गेटजवळ आल्टरेशन करणारे मास्टर बसतात, त्यांना दाखवलं तर म्हणाले, "ताई, दोन सुतात काय होणार, उसवून जाईल सगळं, अर्धा इंच तरी ठेवा." ब्लाउजच्या हिशोबाने ते बरोबर आहेत, ब्लाउज पुढे सैल करायचा असतो. गोधडी कोणाला सैल करून द्यायची नसते, आणि जास्त माया म्हणजे मागे नुसते जाड थर.

हिशोब बघा. अडीच इंची सहा पट्ट्या जोडल्यावर प्रत्येक पट्टी दोन इंच दिसायला हवी, आणि दोन्ही कडांची पाव-पाव इंच माया धरून एकूण साडेबारा इंच रुंदी यायला हवी. आता तुमची माया फक्त अर्धं सूत जास्त जातेय असं समजा. डोळ्याला दिसतही नाही ते. पण प्रत्येक शिवणीत दोन पट्ट्या असतात, म्हणजे एका शिवणीला एक सूत गेलं, आणि सहा पट्ट्यांना पाच शिवणी, पाच सूत गेले. साडेबाराच्या जागी बारालाही एक सूत कमी. आणि ही चूक सगळीकडे सारखी झाली असती तरी चाललं असतं, सगळे सेट सारखेच लहान झाले असते. पण ती सुरुवातीला कमी, मध्ये जास्त, शेवटी परत कमी अशी होते, आणि मग तेच केळं.

मी सुईकडे बघत शिवत होते. सगळे तेच करतात. सुई वरखाली होते त्यामुळे नजर तिच्यावर खिळते, आणि कापड कुठून येतंय ते दिसतच नाही. नजर सुईच्या इंचभर अलीकडे हवी, जिथे कापडाची कड मार्गाला लागतेय तिथे. आणि तो मार्ग म्हणजे मशीनच्या पायाची (सुईखाली कापड दाबून धरतो तो) उजवी कड असं धरून चालू नका, बऱ्याच मशीनवर सुईपासून पायाच्या कडेपर्यंतचं अंतर पाव इंच नसतं, माझ्या काळ्या मशीनवर ते जवळजवळ तीन सूत निघालं. पारदर्शक रुलर पायाखाली ठेवा, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकवा, रुलर बाजूच्या काठाशी सरळ आहे ना बघा आणि त्याच्या उजव्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर टेप चिकटवा. नुसता एक थर नको, सातआठ थर एकावर एक, म्हणजे कापडाच्या कडेला टेकायला छोटी भिंत मिळते. मी जुनं एक्सपायर झालेलं कार्ड कापून दुहेरी टेपने चिकटवलंय, अजून हललं नाही. पाव इंचाच्या मायेचा खास पाय (फूट) विकत मिळतो, तो घेतलात तर हे सगळं वाचतं, फक्त आपल्या मशीनला बसतो का ते विचारून घ्या.

मग परीक्षा. दीड इंची तीन पट्ट्या, वीतभर लांब, जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच यायला हवी. कमी आली तर भिंत एक केस आत, म्हणजे सुईकडे सरकवा. गंमत म्हणजे रुलरवर नेमका पाव इंच असूनही मधली पट्टी थोडी कमीच भरते, कारण शिवण दुमडून इस्त्री केली की दोरा आणि घडी मिळून जराशी जागा खातात. म्हणून मुरलेल्या बायका पाव इंचाला दोऱ्याएवढं कमीच शिवतात. रुलरवर विश्वास कमी आणि मधल्या पट्टीवर जास्त ठेवा.

आता सरकण्याचं. मशीनचे दाते खालून कापड ढकलतात, वरच्या कापडाला कोणी ढकलत नाही, उलट पाय त्याला दाबून अडवतो. त्यामुळे खालचं कापड जरा पुढे पळतं आणि शेवटी पोचल्यावर वरची पट्टी थोडी लांब उरते. दोन्ही सारख्या लांबीच्या होत्या ना? मग ही उरलेली म्हणजे जादू नाही, ती अख्ख्या शिवणीत पसरलेली ओढ आहे. आणि आपण काय करतो तर नवीन पट्टी दर वेळी वर ठेवतो आणि दर वेळी त्याच टोकाकडून सुरुवात करतो, म्हणजे दर वेळी ओढ त्याच दिशेला, एकीवर एक साचत जाते.

यावर उपाय इतका साधा आहे की मला राग आला होता. दिशा बदलत जायची. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला खडूने खूण करा. आधी जोड्या, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, पाचवी-सहावी, या तिन्ही खुणेकडून शिवा. मग पहिली जोडी आणि दुसरी जोडी एकमेकींना जोडताना खुणेच्या उलट टोकाकडून सुरू करा. तिसरी जोडी लावतानाही उलट टोकाकडूनच, म्हणजे शेजारशेजारच्या शिवणी उलटसुलट दिशेने होतात. एकीची ओढ दुसरी खाऊन टाकते. नुसत्या एवढ्या बदलाने माझं केळं अर्ध्याहून कमी झालं, मशीनला हातही न लावता.

मशीनला हात लावायचा तर तो पायाच्या दाबाला. डोक्यावर, दांड्याच्या वर जो स्क्रू असतो तो. आधी एक चाचणी, फूटभर लांबीच्या दोन सारख्या पट्ट्या टाचण्या न लावता, हाताने नुसता आधार देत शिवा. शेवटी वरची एक सुताहून जास्त उरली तर दाब जास्त आहे, स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि परत शिवून बघा. फार सैल केलात तर कापड डुलायला लागतं, टाके लहानमोठे येतात, मग पाव फेरा परत घट्ट. हे मला त्या मास्टरांनीच दाखवलं. मायेबद्दल आमचं पटलं नाही पण याबाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही. माझं शिवणं दोन मिनिटं बघून म्हणाले, "ताई, तुम्ही मागून ओढताय. मशीनला कापड खाऊ द्या ना." खरंच ओढत होते, आणि मला पत्ताच नव्हता. डावा हात पायाच्या मागे गेला की समजायचं ओढणं सुरू झालं. दोन्ही हात पुढेच ठेवा.

सुरुवातीचा अर्धा इंच आणि शेवटचा इंच हे दोन चोर आहेत. सुरुवातीला कोपरा दात्यांत ओढला जातो, म्हणून आधी एखाद्या चिंधीवर टीप सुरू करा आणि न थांबता तिथूनच पट्टीवर जा. शेवटी कापड हातातून सुटतं आणि टीप कडेकडे पळते, तिथे स्वेटर विणायच्या सुईने किंवा टूथपिकने कड पाय येईपर्यंत धरून ठेवायची. बोटाने नको. टाका दोन मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवा, कारण हा सेट पुढे आडवा कापायचा असेल तर मोठे टाके टोकांना सुटतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेमिनोल या आदिवासी जमातीच्या बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताने फिरवायच्या मशीनवर पट्ट्या जोडून, आडव्या कापून, परत सरकवून जोडायचं जे काम केलंय ते बघा कधीतरी, अगदी बारीक पट्ट्या, आणि आपण विजेच्या मशीनवर रडतोय.

इस्त्रीनंतर वाक आला तर

हे सगळ्यात दुर्लक्षित. शर्टाला मारतो तशी इस्त्री पट्टीच्या लांबीत घासत नेली, वर वाफ, की ओलं गरम कापड ताणलं जाणारच. इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवायची नाही. आणि पाचही शिवणी झाल्यावर एकदम नाही, प्रत्येक शिवणीनंतर. आधी शिवण मिटलेली असतानाच तिच्यावरून एकदा दाबा, म्हणजे टाके कापडात बसतात, मग वरची पट्टी उलटवून उजव्या बाजूने दाबा. उलट्या बाजूने दाबलं की शिवणीपाशी एक बारीक चुणी राहून जाते, केसाएवढी, तिच्यामुळे पट्टी अरुंद भरते आणि आपण मायेला दोष देत बसतो. नखाने शिवणीवरून हात फिरवा, चुणी लागते हाताला.

इस्त्री करताना सेट टेबलावर आडवाच ठेवा, अर्धा खाली लोंबत ठेवलात तर त्याच्याच वजनाने ताणतो. आमचं इस्त्रीचं टेबल म्हणजे डायनिंग टेबलवर जुनी चादर, त्यामुळे सगळ्यांची जेवणं आटपेपर्यंत थांबावं लागतं.

आणि आधीच झालेल्या केळ्याचं काय

सगळं उसवायची गरज नसते. सेट पुढे आडवा कापून अडीच इंची तुकडे करायचे असतील आणि फूटभर लांबीत वाक एका सुताच्या आत असेल तर सोडून द्या, फक्त रुलर बाहेरच्या कडेला न लावता मधल्या शिवणीला लावून कापा आणि दर तीन तुकड्यांनी काप परत काटकोनात करून घ्या. छोट्या तुकड्यात वाक दिसत नाही. पण तो सेट अख्खा बॉर्डर म्हणून लावायचा असेल तर उसवा. पाणी शिंपडून, टॉवेलवर टाचण्यांनी सरळ ताणून वाळवायचा प्रयोगही मी केलाय, दिसतो सरळ, पण धुतल्यावर परत मूळ पदावर येतो.

उसवताना सगळी शिवण नको, आधी मधली एकच. एका बाजूने दर चौथा टाका कापायचा, मग उलट बाजूचा दोरा ओढायचा, सळसळत निघतो. ओढून फाडू नका, त्यात पट्टीची कड लांबते आणि मग ती सुटी पट्टीही लादीच्या सांध्याला लागत नाही, म्हणजे पहिल्या पानावरून सुरुवात.

बाळ आता फर्निचर धरून उभं राहतं. गोधडीचा वरचा भाग पूर्ण झालाय, सहाही सेट साडेबाराच्या जवळपास भरले, एक सव्वाबारा भरला तो मी कोपऱ्यात लावलाय. अडलंय ते कडेच्या गोटावर, तिथे उरेब पट्टी लागते, आणि ती लादीवर ठेवली की स्वतःच्या मनाने लांब होते.